आईचा एचबीए१सी ६.७, सेन्सर सांगतो ११८. कुठला आकडा धरायचा?

ठाणेकरीण
आईचा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.७ आला. दंडावर लावलेल्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरची सरासरी ११८, आणि त्याच ॲपमध्ये अंदाजे एचबीए१सी ६.१ दाखवतंय. डॉक्टर म्हणाले मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू करू. भावाचं म्हणणं, सेन्सर दिवसरात्र मोजतो म्हणजे तोच खरा, गोळी नको. वहिनीने एका अमेरिकन अभ्यासाची बातमी पाठवलीय, मेटफॉर्मिनने मधुमेहाचा धोका ३१ टक्क्यांनी कमी होतो अशी. परवा परत दवाखान्यात जायचंय. दोनपैकी कुठला आकडा चुकीचा, एवढंच सांगा. डाएटचे सल्ले नकोत, प्लीज.

परीक्षानळी
वय? हिमोग्लोबिन? उपाशीपोटीची साखर? रिपोर्टवर एचपीएलसी (तपासणीची पद्धत) लिहिलंय का? सेन्सर किती दिवस होता? यातलं काहीच दिलेलं नाही, मग आकडा चुकीचा कसा ठरवायचा?

ज्वारीची_भाकरी
रात्री भिजवलेली मेथी, सकाळी चमचाभर, आणि गहू बंद. मेथीने साखर कमी होते हे प्रयोगांनी सिद्ध झालंय. तीन महिन्यांनी परत तपासा, ६ च्या खाली येईल.

आकडेमोड
ज्वारीची_भाकरी, मेथीवरचे बहुतेक प्रयोग लहान आहेत, काही आठवड्यांत संपलेले, आणि प्रत्येकात मात्रा वेगळी. कुठे अख्खं बी, कुठे पूड, कुठे अर्क. त्यांतून फार तर "साखर थोडी उतरते" एवढं निघतं. चमचाभर मेथीने तीन महिन्यांत ६ खाली, हे कशातूनच निघत नाही. शिवाय एकदा जास्त आलेला आकडा पुढच्या वेळी काहीही न करता थोडा खाली येतोच. तुलनेचा गट नसेल तर ते श्रेय मेथीला जातं.

ज्वारीची_भाकरी
मेथीने नुकसान तर नाही ना? गोळीपेक्षा बरी.

परीक्षानळी
विषय तो नाही. धागाकर्तीने डाएट नको असं स्पष्ट लिहिलंय.

ठाणेकरीण
हिमोग्लोबिनचा काय संबंध? मी साखरेचं विचारतेय. असो. वय ६२, उपाशीपोटी १०१, जेवणानंतर १४६. हिमोग्लोबिन ९.४. एचपीएलसी लिहिलंय. सेन्सर पाच दिवस झाला. आता तरी सांगा.

आकडेमोड
९.४? इतकं कमी हिमोग्लोबिन, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

आधी हिशेब. एचबीए१सीवरून सरासरी साखर काढायचं सूत्र: २८.७ गुणिले एचबीए१सी, वजा ४६.७. म्हणजे ६.७ ला सरासरी साधारण १४६. सेन्सर म्हणतो ११८. ॲपमधलं ६.१ हे वेगळं मोजमाप नाही, ते ११८ वरूनच काढलंय: ३.३१ अधिक ०.०२३९२ गुणिले ११८. त्यामुळे "सेन्सरही ६.१ म्हणतो" हा दुसरा पुरावा धरू नका. २८ चा फरक मात्र मोठा आहे. चांगल्या लॅबमध्येही एचबीए१सी पाच-सहा टक्के इकडेतिकडे होतो, ६.७ ला ते ०.४ भरतात. तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही.

सूक्ष्मदर्शक
ॲनिमियात (हिमोग्लोबिन कमी असताना) लाल पेशी लवकर मरतात, त्यांतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटायला वेळ मिळत नाही, आणि एचबीए१सी तीच चिकटलेली साखर मोजतो, म्हणून एचबीए१सी खोटा *कमी* येतो. म्हणजे खरा आकडा ६.७ पेक्षाही जास्त असणार. गोळी सुरू करा, वेळ घालवू नका.

परीक्षानळी
सूक्ष्मदर्शक, थांबा. हे सगळ्या ॲनिमियांना लागू नाही. पेशी फुटत असतील, नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल, तर एचबीए१सी खाली येतो. लोहाच्या कमतरतेत उलट होतं. नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि जुन्या पेशीवर साखर जास्त दिवस चिकटलेली असते. साखर तीच असूनही आकडा चढतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या पेशी येतात आणि तोच आकडा उतरतो. आपल्याकडच्या बायकांत लोहाची कमतरता इतकी आहे की हे डोक्यात ठेवूनच रिपोर्ट वाचावा लागतो. बी१२ कमी असलं तरी आकडा वर जाऊ शकतो.

ठाणेकरीण, सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद काढा. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरबीसी (त्यांची संख्या) किती?

वैनगंगा
यात एक भर. गाव विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल, घरात कुणाला सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, तर एचपीएलसीच्या आलेखात वेगळं शिखर दिसतं आणि चांगली लॅब तशी नोंद करते. सिकलसेलचा पूर्ण आजार असेल तर एचबीए१सी वापरूच नये. फक्त वाहक असेल तर पद्धतीवर अवलंबून आहे. काही पद्धतींत चालतो, काहींत नाही.

ठाणेकरीण
आम्ही कोकणातले, घरात सिकलसेल कुणालाच नाही. एमसीव्ही ७४, आरबीसी ३.९.

परीक्षानळी
७४ भागिले ३.९, साधारण १९. १३ च्या वर म्हणजे थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) वाहकापेक्षा लोहाच्या कमतरतेकडे झुकतं. हा फक्त कौल आहे, निदान नाही. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणी) करा. ३० च्या खाली आलं तर प्रश्न मिटला. पण शरीरात आतून सूज (दाह) असेल तर फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून सोबत सीआरपी, ही सूज दाखवणारी तपासणी. फेरिटिन ठीक आलं म्हणून लोह ठीक, असं लगेच धरू नका.

चालता_बोलता
सेन्सरच्या चिकटपट्टीखाली खाज येत असेल तर काय करावं? पाच दिवसांत काढून टाकला का त्यांनी?

आकडेमोड
चालता_बोलता, जागा बदला, स्पिरिट पूर्ण सुकू द्या. फोड आले तर काढा. वेगळा धागा काढलात तर बरं.

ठाणेकरीण, भावाच्या मुद्द्यावर. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. ती पाच ते पंधरा मिनिटं मागे असते. पहिला दिवस बहुधा गडबडीचा. त्या दंडावर झोपलं की दाब येऊन रात्री खोटा उतार दिसतो, आणि तो सरासरी खाली खेचतो. आलेखात पहाटे अचानक ६० आणि कूस बदलली की ९५ असं काही दिसतंय का? पाच दिवस कमीच आहेत. ॲपमधल्या त्या अंदाजाला निदान चौदा दिवसांची नोंद लागते, त्यातही ७० टक्के वेळ सेन्सर चालू हवा. आणि सेन्सर लावल्यावर आई नेहमीसारखं जेवत होत्या का?

ठाणेकरीण
नाही, भात आणि गोड बंद केलं होतं, अजूनही बंदच आहे. आलेख पाहिला, दोन रात्री तसा खड्डा आहे.

आकडेमोड
मग ११८ हे पथ्याच्या पाच दिवसांचं, वर दाबाचे खड्डे धरून. ६.७ हे दोन-तीन महिन्यांचं, त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा निम्मा, आणि बहुधा लोहाच्या कमतरतेने फुगलेलं. "कुठला चुकीचा" याचं उत्तर, दोन्ही आज निदानाला अपुरे. निदानाला सेन्सर कुठल्याच निकषात बसत नाही. एचबीए१सी ६.५, उपाशी १२६, किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २००, यातले दोन निकाल जुळायला हवेत. तुमच्याकडे एक आहे, तोही शंकास्पद. उपाशीचे १०१ तर १२६ पासून बरेच लांब.

सूक्ष्मदर्शक
लोहाच्या कमतरतेचं मान्य. पण एचबीए१सी उडवून लावू नका. १९९३ चा डीसीसीटी, १९९८ चा यूकेपीडीएस, हे मधुमेहींवरचे मोठे अभ्यास; डोळे-मूत्रपिंड वाचतात हा सगळा पुरावा त्याच आकड्यावर उभा आहे. मधुमेह नसलेल्या माणसाने सेन्सर लावल्याने पुढचे आजार टळतात, असा पुरावा कुठे आहे?

आकडेमोड
नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण यूकेपीडीएसचा पुरावा निदान झालेल्या रुग्णांचा आहे. निदानच झालं का, हा इथला प्रश्न आहे.

आता वहिनींचे ३१ टक्के. तो २००२ चा डीपीपी नावाचा अमेरिकन अभ्यास. मुळात मधुमेह *नसलेल्या* पण साखर चढू लागलेल्या लोकांवरचा. खोट्या गोळीवर दरवर्षी शंभरात ११ जणांना मधुमेह होत होता, मेटफॉर्मिनवर ७.८, आहार-व्यायामावर ४.८. "३१ टक्के" म्हणजे शंभरातले ३१ वाचले असं नाही, वर्षाला शंभरात साधारण तीन. त्यांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३४, आणि साठीच्या पुढच्यांत मेटफॉर्मिनचा फायदा जेमतेम होता. आई ६२ च्या आहेत. आपल्या लोकांवरचा म्हणाल तर २००६ चा चेन्नईचा. बीएमआय सरासरी २६ च्या आसपास, मेटफॉर्मिन २५० मिलिग्रॅम दोनदा. तीन वर्षांत नुसत्या सल्ल्यावर ५५ टक्के मधुमेही, आहार-व्यायामावर ३९.३, गोळीवर ४०.५, दोन्ही मिळून ३९.५. दोन्ही एकत्र केल्याने वेगळा फायदा नाही. बातमी वाचताना आधी बघायचं की त्यात आपल्या माणसासारखी माणसं होती का.

ज्वारीची_भाकरी
म्हणजे आहार-व्यायामच ना! मी तेच सांगत होतो.

परीक्षानळी
त्या गटाला नियमित चालणं आणि एकूण आहारात बदल होता, मेथी नव्हती.

साखरेपेक्षा मला ९.४ ची काळजी जास्त वाटते. पाळी थांबून दहा-बारा वर्षं झालेल्या बाईला लोह कमी पडतं तेव्हा "खाण्यात कमी" म्हणून सोडायचं नसतं. पोटातून किंवा आतड्यातून रक्त जातंय का हे बघावं लागतं. शौच काळी होते का? मूळव्याध? गुडघेदुखीच्या गोळ्या? ॲस्पिरिन?

ठाणेकरीण
आई गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी घेते, बरेचदा. हे कुणी विचारलंच नव्हतं.

परीक्षानळी
परवा हेच आधी सांगा, साखरेच्याही आधी. गोळ्यांचं पाकीट घेऊन जा. दुर्बिणीची तपासणी लागेल का, हे डॉक्टर ठरवतील. फेरिटिनचं रक्त लोहाची गोळी सुरू होण्याआधी द्या. गोळी सुरू झाली की तिच्या आगेमागे तासभर चहा नको. लोहासोबत व्हिटॅमिन सी दिलं तर दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर काही सेन्सर खोटे वर जातात, म्हणून तेव्हा परत सेन्सर लावू नका. एचबीए१सीही हिमोग्लोबिन सुधारून तीन महिने होईपर्यंत नको. तोवर हवंच असेल तर फ्रुक्टोसामिन. ते लाल पेशींवर अवलंबून नाही, दोन-तीन आठवड्यांचं सांगतं, फक्त अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ठीक हवं.

निदानासाठी ओजीटीटी, म्हणजे ग्लुकोज पिऊन करायची तपासणी. तुम्ही केलेली जेवणानंतरची तपासणी म्हणजे ती नव्हे. ७५ ग्रॅम ग्लुकोज २५०-३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं, पहिल्या घोटापासून घड्याळ लावायचं, दोन तास लॅबमध्येच बसायचं. बाजारातली पूड मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेली) असेल तर ८२.५ ग्रॅम लागते, पाकिटावर बघा. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा नको. नळीत पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के, आणि राखाडी झाकणाच्या नळीतलं, ते थांबवणारं फ्लोराइडही लगेच काम सुरू करत नाही. अर्ध्या तासात प्लाझ्मा (पेशींशिवायचा द्रव) वेगळा करतात का, विचारून घ्या.

ठाणेकरीण
उद्याच सकाळी करून घेते दोन्ही.

परीक्षानळी
फेरिटिन, सीआरपी उद्या. ओजीटीटी उद्या नको. भात-गोड अजून बंद आहे म्हणालात. कर्बोदकं तोडून ओजीटीटी केली की दोन तासांचा आकडा खोटा चढतो. आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. चार पोळ्या, दोन वाट्या भात, वरण, दूध एवढ्यात होतं. मग रात्रभर उपास, आठ तासांपेक्षा कमी नको, चौदापेक्षा जास्त नको. पाणी चालेल.