एपीआयमध्ये ‘फक्त संख्या’ मागायची सोय हवी की नको?

सातपुडा_कोड
रावेर-यावलच्या केळीबागांच्या नोंदींसाठी आम्ही अ‍ॅप बनवतो. बांधावर उभ्या माणसाला एवढंच हवं असतं: या गावात करपा रोग लागलेल्या बागा किती? त्यासाठी एपीआय, म्हणजे सर्व्हरकडून माहिती आणणारा दुवा, शंभर-शंभर ओळींची पानं पाठवते. अ‍ॅप त्या मोजतं आणि टाकून देतं. सातपुड्यातल्या पाल गावाकडे रेंजची बोंब, तिथे हे चालेल कसं? फिल्टर तेच ठेवून उत्तरात फक्त आकडा द्या. नकाशांच्या आर्कजीआयएसमध्ये ही सोय आहे, शोधाच्या इलॅस्टिकसर्चमध्ये त्यासाठी वेगळा पत्ताच आहे.

धुळे_बॅकएंड
माझा विरोध आहे. आकडा लहान दिसतो, काम लहान नसतं. पोस्टग्रेस डेटाबेस एकूण ओळींचा नेमका आकडा तयार ठेवत नाही. कोणत्या व्यवहाराला कोणत्या ओळी दिसतात हे वेगवेगळं असतं, म्हणून दर वेळी ओळी नाहीतर इंडेक्स (ओळी शोधायची सूची) चाळावाच लागतो. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-इंजिनाचंही तेच. सोय दिली की प्रत्येक डॅशबोर्ड दर पाच सेकंदांनी आकडा विचारणार. सर्व्हर आम्हाला सांभाळायचाय, भाऊ!

सातपुडा_कोड
मग आज काय वाचतंय? त्याच ओळी तुम्ही वाचता, वर त्यांचं जेसॉन (पाठवायच्या मजकुराचा साचा) करून पाठवता. ऑफसेटची, म्हणजे ‘इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या’ अशी पानं असली की पुढच्या प्रत्येक पानाला मागच्या ओळी पुन्हा ओलांडाव्या लागतात. मध्येच नवी नोंद आली तर एखादी बाग दोनदा मोजली जाते, ते वेगळंच.

भुसावळ_जंक्शन
अंदाजे आकडाही देता येतो की. पोस्टग्रेसवर एपीआय उभारणाऱ्या पोस्टग्रेस्टमध्ये नेमका, डेटाबेसच्या नियोजकाचा अंदाज किंवा दोन्हींचा मेळ, असे तीन पर्याय आहेत. इलॅस्टिकसर्च 7.0 पासून शोधाच्या उत्तरात 10,000 पर्यंतच नेमकं मोजतं. पुढचं हवं तर मुद्दाम मागावं लागतं.

धुळे_बॅकएंड
नाही दादा, अंदाज इथे नकोच. तो आकडा उद्या पंचनाम्यात चढला तर भरपाई कोणाची बुडणार? द्यायचा तर नेमका द्या, नाहीतर देऊ नका. गावाचा फिल्टर सक्तीचा, त्यावर इंडेक्स, आणि दोन सेकंदांत मोजून झालं नाही तर सरळ एरर. एवढं मान्य असेल तर माझा विरोध मागे.

सातपुडा_कोड
गाव सक्तीचं, मान्य. दोन सेकंद मात्र कमी आहेत. केळीपट्ट्यातल्या मोठ्या गावांवर आधी चाचणी घेऊ, मगच मर्यादा ठरवा.