कंबर धरलीय आणि वजन ९२. आधी काय धरू?

सुईदोरा: नमस्कार मंडळी. वय ४६, उंची पाच फूट चार इंच, वजन ९२. घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते, रोज सहा-सात तास मशीनवर. दोन वर्षं कंबर दुखतेय. आता तर स्टुलावरून उठलं की पहिली चार पावलं वाकूनच पडतात. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. जिममधला पोरगा म्हणतो, रोज तासभर चाला. तासभर चालले की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही! मग आठवडाभर आराम, की काटा आणखी वर. पायात मुंग्या वगैरे नाहीत. आधी कंबर बरी करू की आधी वजन?

पाटा_वरवंटा: ताई, याच चरकात मी तीन वर्षं पिळून निघाले. ९६ची ८५ झाले, चौदा महिने लागले, आणि ते चालून नाही, ताटातून. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ४०-५० ग्रॅम साखर नुसती पिण्यात! पहिला महिना फक्त तेवढंच सोडलं. मग तीन भाकरींच्या दोन, आणि दोन्ही वेळा मटकीची उसळ नाहीतर अंडी. शेंगदाण्याच्या चटणीवर तेल अजून घेते, ते सुटणार नाही. पाच-सहा किलो उतरल्यावरच कंबर हलकी वाटायला लागली.

सोलापुरी_चादर: पट्टा बांधा दिवसभर. आमच्या आईला गुण आला.

फिजिओताई: दिवसभर पट्टा नको हो, प्रवासापुरता ठीक. कायम बांधला तर स्नायू आळसावतात.
सुईदोरा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी-नंतर करूच नका. पोट पुढे आलं की तोल पुढे जातो, तो सावरताना कंबरेचा बाक वाढतो आणि भार खालच्या मणक्यांवर येतो. त्यात तुम्ही बिनपाठीच्या स्टुलावर ओणव्या! आधी पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या. बॉबिन संपली की भरायच्या आधी उठून घरात एक फेरी.
चालणं एका दमात तासभर नको. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, सपाट रस्त्यावर. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उरत नसेल तरच पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं वाढवा. उताणं झोपून गुडघे मोडून कंबर उचलायची, दहा वेळा. सिट-अप्स सध्या नकोत. आराम म्हणून आठवडा झोपून काढणं तर मुळीच नको.
तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५च्या घरात आहे. आपल्याकडे २५पासूनच लठ्ठपणा धरतात, म्हणून थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासा. पाय लुळा वाटला, बसायची जागा बधीर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुईदोरा: आज चार बॉबिन, चार फेऱ्या. ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक विचारत होतं, काही हरवलंय का. चहात आज एकच चमचा. बेचव लागला.