परभणीत घराच्या पश्चिमेला लवकर सावली देणारं झाड कोणतं लावावं?

मेघना_पर
नमस्कार. परभणीत ४० बाय ६० चा प्लॉट आहे. घर पूर्वाभिमुख, एकमजली, भिंतीची उंची १० फूट. मागे पश्चिमेला २२ फूट मोकळं अंगण, त्यापलीकडे गल्ली. विजेच्या तारा पुढच्या बाजूला आहेत, मागे नाहीत. एप्रिल-मेमध्ये दुपारी ३ नंतर मागची भिंत तापते आणि ती खोली रात्री उशिरापर्यंत भट्टी असते. जमीन काळी, भारी. सेप्टिक टँक नैर्ऋत्य कोपऱ्यात. बोअरला मेमध्ये जेमतेम पाणी. नर्सरीवाले कोनोकार्पस किंवा गुलमोहर लावा म्हणतात, दोन वर्षांत सावली होईल म्हणून. वड-पिंपळ नको आहेत. कोणतं झाड लावू, कुठे लावू, आणि या पावसाळ्यात लावायचं तर आतापासून काय तयारी करू?

रानपाखरू
झाड किती लवकर वाढतं हे नंतर बघा. ऐन एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर पान असतं का, हे आधी बघा. गुलमोहर इथेच बाद होतो. फेब्रुवारी-मार्चपासून तो निष्पर्ण असतो आणि फुलांसोबत पालवी धरेपर्यंत मे उजाडतो. म्हणजे तुम्हाला सावली हवी तेव्हा वर नुसत्या काड्या आणि शेंगा. शिवाय लाकूड ठिसूळ, मुळं उथळ; वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते किंवा अख्खं झाड कलंडतं. बहावा देखणा आहे, पण तोही उन्हाळ्यात पानं गाळूनच फुलतो आणि पहिली काही वर्षं वाढीला फार मंद.

कोनोकार्पस वाढतो खरा. पण त्याची मुळं पाइपांच्या सांध्यांत आणि टाक्यांत शिरतात, आणि इथल्या पाखरांना-फुलपाखरांना त्याचा फारसा उपयोग नाही. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सेप्टिक टँक असलेल्या अंगणात तर विचारही करू नका.

बकाण नीम भराभर वाढतो, मात्र फांद्या कडाकड मोडतात आणि फळं विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर नकोच. रेन ट्रीचा घेर पन्नास फुटांच्या पुढे जातो, ४० फुटी प्लॉटचं ते काम नाही. सप्तपर्णी सदाहरित आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला तिच्या फुलांचा उग्र वास खिडकीजवळ सोसत नाही.

माझं मत करंज. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गळतं, पण लगेच पोपटी पालवी फुटते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत झाड गच्च होतं. सावली कडुनिंबापेक्षा दाट. काळ्या जमिनीत रुळतो, मुळांवरच्या गाठींमुळे स्वतःचं नत्र स्वतः मिळवतो, शेळ्या-गुरं पानाला फारसं तोंड लावत नाहीत. पाणी-खत नीट मिळालं तर सुरुवातीला वर्षाला तीनेक फूट वाढतो. पानांवर बारीक फोड येतील. ते कोळीवर्गीय किडीचे असतात, झाडाला धोका नसतो, फवारणीच्या मागे लागू नका. उन्हाळ्यात खाली फुलांचा लाह्यांसारखा सडा पडतो, तेवढा रोज झाडावा लागेल. आणि बिया कडू-विषारी, मुलांना सांगून ठेवा.

वखर
करंजाला विरोध नाही, पण मेमध्ये बोअर खरंच कोरडा पडत असेल तर कडुनिंबाचं नाव आधी घ्यायला हवं. एकदा मूळ खाली गेलं की त्याला पाणी विचारावं लागत नाही. त्याची अडचण उलटी आहे: साचलेलं पाणी त्याला अजिबात चालत नाही. काळ्या रानात ऑगस्टमध्ये खोलगट जागी लावलेला निंब पिवळा पडून मरतो आणि लोक म्हणतात वाळवी लागली. तुमच्या अंगणात पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर करंज, निचरा होत असेल तर निंब. एवढ्यावर ठरवा.

सावलीघर
जागेबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. अर्धा फायदा त्यातच आहे.

परभणीच्या अक्षांशावर मेच्या मध्यानंतर सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेला लावलेल्या झाडाची सावली त्याच्याच बुंध्याशी पडते, घराला काही मिळत नाही. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून, मेमध्ये तर किंचित उत्तरेकडे झुकून येतं. म्हणून झाड तापणाऱ्या खिडकीच्या अगदी समोर किंवा दोन-तीन फूट उत्तरेला सरकवून लावा. सेप्टिक टँक नैर्ऋत्येला आहे, त्यामुळे टाकीपासून लांब राहणंही साधतं.

आता अंतर. भिंतीपासून १४ फूट धरा. मेमध्ये सव्वातीनच्या सुमारास सावली झाडाच्या उंचीहून थोडी कमी पडते, सव्वाचारला उंचीच्या दीडपट. झाड २० फुटांचं झालं की सव्वातीनला भिंतीचा खालचा साडेचार-पाच फूट भाग झाकला जाईल आणि सव्वाचारला पूर्ण १० फूट. याहून जवळ लावायचा मोह टाळा. भारी काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. झाड पायाजवळचं पाणी ओढतं, तिथली माती जास्त आकसते आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात. लोक म्हणतात मुळांनी पाया उचलला. बहुतेक वेळा पाया खचलेला असतो.

आणखी एक, हे फार जण चुकवतात. खालच्या फांद्या छाटून बुंधा १२ फूट मोकळा केला तर सव्वापाचचं तिरपं ऊन पानोऱ्याखालून (फांद्या-पानांच्या घेराखालून) आत येतं आणि भिंतीचा खालचा ७ फूट भाग, म्हणजे खिडकीसकट, पुन्हा तापतो. पानोरा ७ फुटांपासून सुरू झाला तर फक्त तळाचे २ फूट उन्हात राहतात. तेव्हा माणूस खालून जाईल एवढीच मोकळीक ठेवा.

मेघना_पर
खूप आभार सगळ्यांचे. पाणी दोन-दोन दिवस उभं राहतं, म्हणजे करंजच. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खड्डा तीन फूट खोल घेऊन खाली विटांचे तुकडे आणि वाळू भरायची का? माळीकाका तसं म्हणतात. आणि करंज वाढेपर्यंतचे पहिले तीन उन्हाळे काय करायचं?

वखर
विटा-वाळू अजिबात नको. चहूबाजूंनी चिकण काळी माती आणि मध्ये पोकळ भराव असला की पावसाचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि मुळं त्यात उभी राहतात. खोलीपेक्षा रुंदी द्या: तीन फूट रुंद, दोन फूट खोल. मेमध्येच खणून ऊन खाऊ द्या. पहारीने खणताना ओलसर मातीच्या कडा गुळगुळीत होतात, मूळ त्यांना आपटून आतल्या आतच गोल फिरतं. कुदळीने त्या कडा ओरबाडून घ्या.

भरताना तीन घमेली तीच काळी माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, या हिशेबाने चाला आणि एका खड्ड्याला किलोभर निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेण घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही आलीच. भराव आजूबाजूपेक्षा ६ ते ८ इंच उंच ठेवा, पहिल्या दोन पावसांत तो बसतो. तरीही उंचवटा राहिला पाहिजे, खळगा नाही.

रोप मृगात घाईने लावू नका. जमीन वीतभर ओली झाली, पाऊस स्थिरावला की जूनअखेर ते जुलै. चार-पाच फुटांचं, सरळ एका शेंड्याचं रोप घ्या. दहा फुटांचं पिशवीतलं रोप दिसायला छान असतं, पण त्याची मुळं पिशवीतच वेटोळी होऊन बसलेली असतात. पिशवी कापल्यावर कडेने गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभा, इंचभर खोल छेद द्या. नाहीतर तीच मुळं पुढे बुंध्याला फास लावतात आणि झाड सात-आठ वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं. बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे.

रानपाखरू
पहिल्या तीन उन्हाळ्यांसाठी हादगा. करंजाच्या उत्तरेला सहा-सात फुटांवर दोन रोपं, एकमेकांपासून पाच फुटांवर. वर्षात दहा-बारा फूट होतो, सावली विरळ असते म्हणून करंज खाली कोंडत नाही, फुलांची भाजी मिळते ती वेगळी. शेवगाही तेवढाच वाढतो, पण पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात आणि अंगाला खाज सुटते. खिडकीसमोर नको. हादगाही न लावता खिडकीवर तारेचा मांडव करून कृष्णकमळ चढवलं तरी भिंत वाचते.

पाण्याचं म्हणाल तर काळ्या जमिनीत रोज तांब्याभर घालू नका, मुळं वरच राहतात. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी १५ ते २० लिटर, सावकाश, बुंध्यापासून फूटभर लांब. दुसऱ्या वर्षी आळं दोन-अडीच फूट बाहेर सरकवा. सोयाबीनचं भुसकट किंवा पालापाचोळा ३-४ इंच पसरा. त्याने पाणी तर वाचतंच, पण जमिनीला भेगा पडून बारीक मुळं तुटतात तेही थांबतं. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा.

दुसऱ्या वर्षी बारकाईने बघा. सारख्या जाडीचे दोन शेंडे अरुंद बेचक्यात फुटले असतील तर एक फेब्रुवारीत काढा. पुढे दोन्ही जाड झाले की वळवाच्या वाऱ्यात झाड तिथूनच उभं फाटतं.

सावलीघर
एक कायद्याचं. शहरी हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे जागा खुंटी मारून, टेपने मोजून ठरवा. हादगा पुढे काढायचा असेल तर नगरपालिका-महापालिकेत तेव्हा आधी विचारून घ्या. आणि अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवणार असाल तर झाडाभोवती निदान ४ बाय ४ फूट माती उघडी सोडायला गवंड्याला आजच सांगून ठेवा.