रेंज मोजताना चढ आणि वारा
ई-सायकलची कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, निम्मी धरून मार्ग आखावा, असा एक सल्ला दिला जातो; तो सपाट रस्त्यापुरता मान्य आहे. मात्र चढउतारांच्या ग्रामीण वाटांवर किलोमीटरपेक्षा एकूण चढ मोजणे अधिक उपयोगी ठरते. स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो वजन 100 मीटर उंच नेण्यास सुमारे 27 वॅट-तास ऊर्जा लागते, मोटरमधली गळती वेगळीच. म्हणजे पायांनी हातभार लावला नाही, तर 500 वॅट-तासांच्या बॅटरीचा विसाव्याहून अधिक भाग तिथेच संपतो, आणि बहुतेक ई-सायकलींत उतारावर त्यातले काही परत मिळत नाही.

किनाऱ्यावर समुद्राकडून येणारा वारा साधारणपणे दुपारी जोर धरतो, म्हणून परतीचा टप्पा त्याच्या तोंडावर येऊ देऊ नये; डिस्प्लेवर बॅटरीची शेवटची कांडी लुकलुकत असताना समोरचा वारा अगदी नकोसा होतो.