अनुभव सांगा: 'अप्रगत' शेरा कशामुळे बसला?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरीकडच्या जिल्हा परिषद शाळांत शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी लिहा. टक्केवारी नको, ती केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीत ऐकतोच. एखादं पोरगं 'अप्रगत'च्या यादीत का गेलं, तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

सुरगाण्यातली दोनशिक्षकी शाळा, माझी पहिली नेमणूक. चित्रावर बोट ठेवून विचारलं, हा कोण? पहिलीतला म्हणाला, "पोसा." मी फुली मारली. त्याच्या घरी कोकणी बोलतात (गोव्याची नव्हे, आपल्या डांगाकडची), तिच्यात पोसा म्हणजे मुलगा. अंगणवाडीताईंनी सांगेपर्यंत महिनाभर फुल्याच मारत होते. मग त्याच्याकडूनच शब्द घेऊन भिंतीवर दोन रकाने केले.

दिंडोरी, शिक्षक
ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या द्राक्षबागांवर उतरतात. सोबतची पोरं तिकडच्या हजेरीत गैरहजर आणि आमच्या पटावर नाहीतच. मी वर्गात बसवून घेतो. पाचवीतली एक मुलगी भागाकाराला हात लावेना. बाप थिनिंग (घडांची विरळणी), डिपिंग (घड औषधात बुडवणं) उक्तं घेतो, म्हणून विचारलं, कामाचे 9,000 आले, टोळीत 12 जण, प्रत्येकी किती? "साडेसातशे. पण मुकादमाचे आधी काढायचे ना, गुरुजी?" (माझ्या उदाहरणात मुकादम नव्हता, चूक माझीच.) तेच फळ्यावर 9,000 ÷ 12 लिहिलं, तर पेन्सिल चावत बसली. बोटाने एकेक आकडा झाकून दाखवत गेलो, तेव्हा कुठे दोन ओळी उतरल्या. होळीला टोळी गावी परतली. तिच्या वहीत ते उदाहरण अर्धंच आहे. वही माझ्याकडेच राहिली.

पेठ, माजी विद्यार्थी
आमची शाळा चौथीपर्यंतच. शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 पासून चौथीची पाचवीला गेली, तेव्हा मी नेमका चौथीत होतो. गुरुजींचा सकाळचा जादा तास बंद. पाचवीची शाळा डोंगरापलीकडे. पावसाळ्यात ओहोळाला पाणी आलं की सुट्टी, आणि पेठचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. 2025-26 ला परीक्षा पुन्हा चौथीला आली. धाकटा भाऊ बसला. माझी जुनी सरावाची पुस्तकं त्याने काढली, निम्मी वाळवीने खाल्लेली.

त्र्यंबकेश्वर, शिक्षक
जोडीदार मॅडम बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला गेल्या की चारही वर्ग एका खोलीत. पहिलीला गाणं, दुसरीला पाटी, चौथीला उतारा, तिसरीला "गप्प बसा." माझी तिसरी का कच्ची, हे साहेबांनी कालच विचारलं.