केनियात तीन आठवडे खो-खो शिकवायला जाणं ही नुसती हौस आहे का?

(ही एक लेखी चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मुरूममाती

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, त्यामुळे आपल्याकडे कौतुक झालंच. पण केनिया, घाना, दक्षिण आफ्रिकाही खेळून गेले, युगांडाच्या मुली तर उपांत्य फेरीत पोचल्या. लगेच आपल्याकडच्या उत्साही क्रीडाशिक्षकांच्या मनात आलं की उन्हाळी सुटीत स्वखर्चाने केनियात जावं आणि तिथल्या शाळांत खो-खो शिकवावा.

माझं मत: जाऊ नका.

पहिलं कारण अगदी क्षुल्लक वाटेल. केनियातलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तीन सत्रांत चालतं. एप्रिलमध्ये त्यांची सुटी असते. आपल्याकडची मंडळी निघतात मे महिन्यात, म्हणजे दुसरं सत्र नुकतंच उघडलेलं असताना, आणि मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा. नैरोबीच्या बऱ्याच भागात आपल्यासारखीच काळी माती आहे. ओली झाली की बुटाला शेरभर चिकटते, वाळली की भेगा. तीन आठवड्यांतले दहा दिवस वर्गात फळ्यावर आकृत्या काढण्यात जातील.

दुसरं, प्रात्यक्षिकाने खेळ रुजत नाही. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळ करून दाखवले. टाळ्या पडल्या. जर्मनीचा खो-खो संघ दिसला तो 2025 मध्ये, 89 वर्षांनी. जपान 1965 पासून स्वयंसेवक परदेशी पाठवतो, आता जायका या सरकारी संस्थेमार्फत, त्यात क्रीडाशिक्षकही असतात. मुदत दोन वर्षं, आणि निघण्याआधी भाषेचं शिक्षण. अमेरिकेच्या पीस कोअरची मुदत 27 महिने. त्यांना दोन वर्षं लागतात ते आपण एकवीस दिवसांत करणार?

तिसरी तुकडी

असहमत. बर्लिनचा दाखला इथे लागू होत नाही. तिथे खेळ दाखवला होता, शिकवला नव्हता.

क्रिकेट विदाउट बाउंड्रीज ही ब्रिटिश संस्था 2005 पासून हेच करते. साधारण दोन आठवड्यांचे दौरे, केनिया, युगांडा, रवांडा वगैरे देशांत, आणि भर स्थानिक शिक्षकांना प्रशिक्षक म्हणून तयार करण्यावर. क्रिकेटला बॅट, चेंडू, स्टंप लागतात. खो-खोला दोन खांब. एवढा स्वस्त सांघिक खेळ दुसरा सांगा.

पावसाचं म्हणाल तर मैदान 27 बाय 16 मीटरचंच हवं हा हट्ट कशाला? उलट शाळेत पहिल्या दिवशी पूर्ण मैदान आखणं ही चूकच. वर्गात मुलं चाळीस. पूर्ण मैदानावर नऊ आक्रमक आणि तीन संरक्षक, म्हणजे बाराजण खेळणार आणि अठ्ठावीसजण उभे राहून बघणार. दहा मिनिटांत ती अठ्ठावीस मुलं फुटबॉल काढतात. त्याऐवजी पाच छोटी मैदानं करा. दोन टोकांत 12 मीटर, मध्ये दर दोन मीटरवर एक असे पाच चौकोन. पाच बसलेले, एक उठलेला, दोन पळणारे: आठजण. पाच मैदानं, चाळीस मुलं, कोणी रिकामं नाही. टोकाला खांब म्हणून पाण्याचे पिवळे 20 लिटरचे जेरीकॅन चालतात, ते घरोघरी असतात. मात्र त्यांवर सूर मारायला सक्त मनाई. त्यांना फक्त वळसा. एवढ्याशा जागा शाळेच्या मुरुमाच्या अंगणातही बसतात, काळ्या मातीत उतरायलाच नको.

उंबरठा

पाच मैदानं शेजारी-शेजारी आखलीत की एक गंमत होते. शेजारच्या मैदानावरचा ‘खो’ ऐकून इकडचा उठतो. नवशिक्या मुलाला शब्द आणि स्पर्श एकाच वेळी आले पाहिजेत हे कळलेलं नसतं, तो आवाजावर चालतो. मग सगळीकडे नियमभंग आणि सगळीकडे भांडणं. पहिले चार दिवस तोंडाने खो म्हणायचंच नाही, फक्त पाठीवर तळहात. स्पर्शाची सवय लागली की शब्द आणायचा. पाच मैदानं एका ओळीत न ठेवता पंख्यासारखी मांडली तर अर्धा गोंधळ तसाच कमी होतो.

आणि मुरुमाच्या अंगणात सूर शिकवू नका. तिथेही मुरुमाला ‘मरम’च म्हणतात आणि गुडघे तितकेच सोलतात. खांबावर गडी टिपणं तिसऱ्या आठवड्यातसुद्धा घाईचं आहे. शिकवायचंच असेल तर गवताच्या पट्ट्यावर, आधी गुडघ्यावर बसून, मग उभं राहून. खांब निलगिरीचा करा, जमिनीवर 120 ते 125 सेंटिमीटर, वरचं टोक कानशीने गोल केलेलं. अर्धा मीटर तरी पुरा आणि भोवती दगड ठोकून बसवा, नाहीतर काळ्या मातीत आठवडाभरात कलतो. आखणीला कळीचा चुना नको, ओल्या हाताने डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. चुलीतली राख पुरते.

चुनखडी

सगळे मैदानात रमले, पण दारातच अडाल त्याचं काय? जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी आणली. ती पर्यटनाला ठीक. पगार नसला तरी स्वयंसेवा हे तिथे कामच धरतात. त्यासाठी विशेष पास किंवा धर्मादाय कामाचा परवाना लागतो, आणि तो तिथल्या नोंदणीकृत संस्थेने मागायचा असतो. ‘फिरायला आलोय’ असं लिहून शाळेत शिकवताना सापडलात तर त्रास तुम्हाला होईलच, पण मुख्याध्यापकांनाही होईल. तुम्ही विमानाने परत याल, त्यांना तिथेच नोकरी करायची आहे.

दुसरी गोष्ट मुलांच्या सुरक्षेची. पासपोर्ट सेवेतून पोलीस पडताळणीचा दाखला काढा, यजमान संस्थेने मागितला नाही तरी. ज्या संस्थेला तो मागावासा वाटत नाही तिच्याकडे जाऊच नका. प्रत्येक सरावाला स्थानिक शिक्षक हजर हवा. एकट्या मुलाला खोलीवर बोलावणं, गाडीतून सोडणं, फोन नंबर देणं, यातलं काही नाही. खो-खोत तर पाठीला हात लावणं हा खेळाचाच भाग आहे. म्हणून प्रशिक्षकाने स्वतः खो देऊन दाखवायचा तो दुसऱ्या प्रौढाच्या पाठीवर, मुलांनी एकमेकांच्या. मुलींना बसण्याची पद्धत स्थानिक शिक्षिकेने दाखवावी. स्कर्टवर उकिडवं बसायला मुली लाजतात, आणि मग ‘इथल्या मुलींना रस नाही’ असा अहवाल लिहिला जातो. खाली अर्धी विजार चालेल का, हे शाळेला आधीच विचारायचं.

अनाथाश्रमात शिकवण्याची ‘पॅकेजं’ विकणाऱ्यांपासून तर चार हात लांब. दर तीन आठवड्यांनी नवा मामा येतो आणि जातो, याचा त्या लेकरांवर काय परिणाम होतो ते वेगळं सांगायला नको.

मुरूममाती

चुनखडी, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. आता माझा खरा आक्षेप ऐका.

मूल खो-खोत तरबेज झालं असं धरू. पुढे काय? केनियातल्या शालेय स्पर्धांमध्ये फुटबॉल, व्हॉलीबॉल, नेटबॉल, हँडबॉल, ॲथलेटिक्स यांना शाळा ते राष्ट्रीय अशी शिडी आहे. चांगल्या व्हॉलीबॉलपटू मुलीला त्या जोरावर चांगल्या शाळेत प्रवेश मिळू शकतो. खो-खोला या शिडीची खालची पायरीसुद्धा धड नाही. तुम्ही वर्गातली सगळ्यात चपळ मुलगी हेरणार, तिला एकेरी साखळी (बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळणं) आणि हूल शिकवणार, आणि निघून जाणार. तेवढे तीन आठवडे ती नेटबॉलच्या सरावाला गेलेली नसणार.

आणि तिथे कशाचीच वाण नाही हेही लक्षात घ्या. नैरोबीच्या मथारे वस्तीत 1987 पासून मथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन काम करतेय. तिथे संघांनी वस्तीतला कचरा साफ केला की लीगच्या गुणतक्त्यात गुण मिळतात, आणि कामाचा गाडा बऱ्याच अंशी तिथलीच तरुण मुलं ओढतात. अशा ठिकाणी कऱ्हाडचा शिक्षक जाऊन नेमकी कोणती उणीव भरून काढणार?

तिसरी तुकडी

शिडी नाही हे मान्य. पण आधी माणसं चढायला लागतात, मग शिडी होते. महाराष्ट्रातही तालमी आणि मंडळं आधी खेळत होती, नियमावली मागाहून आली. शिवाय नेटबॉलमधली हुकमी मुलगी पळवायची कशाला? कुठल्याच संघात न निवडलेली तीस मुलं घ्या. शालेय खेळात खो-खोची जागा तीच आहे.

पाठीमागून खो

दोघंही मुलांबद्दल बोलताय. स्वयंसेवकाने मुलांना शिकवायचंच नाही असं ठरवलं तर? तीन आठवडे मुलांसाठी कमी पडतात, पण चार शिक्षकांसाठी पुरेसे आहेत, वेळापत्रक असं लावलं तर:

पहिले तीन दिवस शिट्टी खिशात. शिक्षक फुटबॉलचा तास कसा घेतात, मैदान किती वेळ मिळतं, पाणी कुठे, हे बघायचं. चौथ्या दिवसापासून पहिला आठवडा संपेपर्यंत रोज शाळा सुटल्यावर फक्त चार शिक्षक आणि दहा-बारा मुलं. दुसऱ्या आठवड्यात तास शिक्षकाने घ्यायचा, तुम्ही शेजारी. तिसऱ्यात तुम्ही रेषेच्या बाहेर बसणार आणि तास संपेपर्यंत तोंड उघडणार नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. चूक दिसली की आपल्या माणसाला राहवत नाही, तो धावत आत जातो, आणि मुलं त्या क्षणापासून शिक्षकाकडे बघायचं सोडून पाहुण्याकडे बघतात.

चुकासुद्धा ठरलेल्या असतात. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचं अंग आयत्या वेळी उलटं वळतं. त्यांना तेच शिकवलेलं असतं. खो-खोत आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तीच, खांदा उलटा फिरला की नियमभंग. फुटबॉलची चपळाई इथे संरक्षकाला कामाची, आक्रमकाला घातक. म्हणून त्यांना पहिले दोन दिवस पळायला लावा, मग बसवा. दुसरी चूक: मधली पाटी, म्हणजे गडी बसतात ती खांब ते खांब पट्टी, ओलांडणं. रेषेऐवजी दोन सेंटिमीटरची चर खणली तर पायाला कळतं, पंचाला ओरडावं लागत नाही. तिसरी बसण्यातली. मुलं टाचा टेकून ऐसपैस बसतात आणि उठायला सेकंद घेतात. चवड्यांवर बसवा, पण दोन मिनिटांहून जास्त नको, पोटऱ्या भरून येतात.

दोन मुलांना पंचगिरी शिकवली पाहिजे, नाहीतर तुम्ही गेल्यावर पहिल्याच वादात खेळ बंद पडतो. इतर काही जमलं नाही तरी हे कराच.

हिशेबनीस

मुंबई-नैरोबी जाऊन-येऊन तिकीट हंगामाप्रमाणे तीस ते पन्नास हजार धरा. परवाना, विमा, लस, राहणं-खाणं मिळून आकडा लाखाच्या पलीकडे जातो. त्यात थोडी भर घातली तर दोन केनियन शिक्षकांना अमरावतीला किंवा पुण्याला आणून तीन आठवडे रोज दोन वेळा सराव दाखवता येईल. इथे त्यांना शंभर चांगले खेळाडू दिसतील. तिथे त्यांना फक्त तुम्ही दिसणार.

उंबरठा

ऐकायला छान. पण सत्र चालू असताना सरकारी शाळेतल्या शिक्षकाला तीन आठवडे कोण सोडणार? आणि इथे तो आखीव मैदान, पक्के खांब, शिस्तीत खेळणारी बारा मुलं बघून जाईल. परत गेल्यावर समोर साठ मुलं आणि उताराचं अंगण. तिथे काय करायचं, हे तिथेच उभं राहून सोडवावं लागतं. मात्र एप्रिल किंवा ऑगस्टच्या त्यांच्या सुटीत आणता आलं तर माझा विरोध नाही.

चुनखडी

जाणारच असाल त्यांच्यासाठी तब्येतीचं. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. भारतातून जाताना ती कोणी विचारणार नाही. परत येताना मुंबईला विचारतील, आणि दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. नैरोबी साधारण 1,700 मीटरवर आहे, तिथे मलेरिया कमी, पण मुंबईकराला पहिले चार दिवस धाप लागते. किसुमू हे शहर व्हिक्टोरिया सरोवराकाठी, तिथे मलेरिया भरपूर. प्रतिबंधक म्हणून डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं तर ते परतल्यावरही चार आठवडे घ्यायचं असतं, आणि त्याने ऊन लवकर भाजतं. दिवसभर मैदानावर उभ्या राहणाऱ्याने पर्यायी गोळी आहे का ते विचारावं.

सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. केनियात ऑगस्ट 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि दंड जबर. कापडी पिशव्या न्या.

म्वालिमू

भाषेचं कोणीच बोललं नाही. वरच्या वर्गांना इंग्रजी चालते, पण मैदानावर ओरडायला स्वाहिली लागते. ‘का’ म्हणजे बस, ‘सिमामा’ म्हणजे उभा राहा, ‘किंबिया’ म्हणजे पळ, ‘गेउका’ म्हणजे वळ. आपल्या माणसाने वैतागून ‘का?’ विचारलं की मुलं बसतात. खांबाला मात्र पोल म्हणू नका. स्वाहिलीत ‘पोले’ म्हणजे वाईट वाटलं, आणि ‘पोलेपोले’ म्हणजे सावकाश. खांबाकडे जोरात पळणाऱ्या मुलाला तुम्ही सावकाश म्हणताय असं त्याला वाटेल.

मुरूममाती

‘पाठीमागून खो’ यांचं वेळापत्रक मला पटतं. पण बघा, त्यात स्वयंसेवक जवळजवळ काहीच खेळत नाही, मुलांसोबत फोटो नाहीत, शेवटच्या आठवड्यात तर तोंड बंद. एवढे पैसे खर्चून यासाठी कितीजण तयार होतील? माझा ‘जाऊ नका’ बाकीच्यांसाठी कायम. आणि जे जातील त्यांनी निघण्याआधीच पुढच्या वर्षाचं ठरवावं: कोणत्या चार शाळा, सामने कोणत्या तारखांना, पंच कोण.

पाठीमागून खो

चार शाळा जास्त होतात. चालत जाण्याच्या अंतरावरच्या दोन घ्या. चार शाळांचे सामने म्हटले की मटाटूचं (तिथल्या वडापसारख्या मिनीबसचं) भाडं कोणी द्यायचं यावर अडतं. आणि तारखा दुसऱ्या सत्रात जूनच्या मध्यानंतर ठेवा, तोवर पाऊस ओसरतो.