सल्ला हवा: नेत्याचं आत्मचरित्र घ्यायचंय, चिकित्सा करत वाचायला

करवीरकन्या: नमस्कार मंडळी. राजारामपुरीत आम्ही काही जणी महिन्यातून एकदा जमून एका पुस्तकावर बोलतो. या खेपेला एखाद्या माजी मुख्यमंत्र्याचं किंवा मोठ्या नेत्याचं आत्मचरित्र घ्यायचं ठरलंय. आरती ओवाळायची नाही आणि शिव्याही घालायच्या नाहीत. लिहिणारा काय सांगतोय, काय गाळतोय, हे तपासत वाचायचंय. कुठलं घ्यावं आणि पडताळायला सोबत काय ठेवावं? बजेट पाचशे रुपये, त्याच्या वर नाही.

तिकटीवाला: शरद पवारांचं 'लोक माझे सांगाती'. विषय संपला. घेताना २०२३ ची सुधारित आवृत्तीच घ्या ताई. २०१५ च्या पुस्तकात पुढचं काहीच नाही. २०१९ चा पहाटेचा शपथविधी, महाविकास आघाडी, सगळं नव्यात हाय. माझ्याकडं दोन्ही हायत. शिवाय इंग्रजी 'ऑन माय टर्म्स' पण घ्या. तिन्ही शेजारी ठेवून वाचली की खरी मजा येते.

रंकाळाकाठ: तिकटीवाल्यांना अनुमोदन, नवीच आवृत्ती घ्या. ती कधी बाहेर आली तेही पहिल्या पानावर लिहून ठेवा. २ मे २०२३, त्याच समारंभात पवारांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ५ मेला निर्णय मागं घेतला. पुस्तक कुठल्या घडीला येतं, हासुद्धा वाचायचाच भाग आहे.

सांगलीकर_दादाप्रेमी: घ्या, पण त्यावरून वसंतदादा पाटलांबद्दल मत बनवू नका. दादांचं चालतं सरकार पाडून पवार १८ जुलै १९७८ ला ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. पाठीत खंजीर म्हणतात ते उगाच नाही. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती.

पंचगंगा: चालतं कसलं वो? दोन काँग्रेसची मोट बांधलेली, तिरपुडे उपमुख्यमंत्री असून यशवंतराव चव्हाणांवर उघड टीका करायचे. ते आज ना उद्या पडणारच होतं. आणि पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार तरी कुठं टिकलं? फेब्रुवारी १९८० ला केंद्रानं बरखास्त केलं.

सांगलीकर_दादाप्रेमी: पडणार होतं आणि पाडलं यात फरक आहे.

पेठेतला_मास्तर: ताईंनी विचारलंय काय, चाललंय काय! माझी वाचायची पद्धत सांगतो, पुस्तक कुठलंही घ्या. हातात पेन्सिल हवीच. पहिलं, वाक्याचा कर्ता बघायचा. धरण झालं, कारखाना उभा राहिला, तिथं 'मी' असतो. तिकीट कापलं, गोळीबार झाला, सरकार पडलं, तिथं 'असं ठरलं', 'परिस्थितीच तशी होती'. अशा ओळीसमोर समासात 'कोणी ठरवलं?' एवढंच लिहा. दुसरं, बंद खोलीतले संवाद. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं बोलणं अवतरणचिन्हांत शब्दशः आलं की बघा, त्या खोलीतलं दुसरं कोण आज हयात आहे. कुणीच नसेल तर तो संवाद आठवण म्हणून घ्यायचा, पुरावा म्हणून नाही. तिसरं, कालक्रम. एका प्रकरणातून दुसऱ्यात जाताना मधली दोन वर्षं गेली कुठं? त्या वर्षांचे पेपर काढून चाळायचे. यात पैसा लागत नाही, वेळ लागतो.

जोडीनं वाचायला एस. एम. जोशींचं 'मी एस. एम.' सुचवेन. ते संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस आणि १९७८ ला जनता पक्षाच्या बाजूला. एकाच घटनेवर दोन टोकांची माणसं काय लिहितात आणि कुठं गप्प बसतात, ते समोरासमोर ठेवा.

ग्रंथवेडा_को: ऑनलाइन मागवू नका. मी एका साइटवरून चरित्र मागवलं तर झेरॉक्स केलेलं पुस्तक आलं. छपाई पुसट, सोळा पानं गायब, आणि परत घेईनात.

बिंदूचौक: कोल्हापुरातला धागा आणि भाई माधवराव बागलांचं 'जीवनप्रवाह' कुणाला आठवेना! कोल्हापूर संस्थानात प्रजा परिषद कुणी उभी केली? डॉ. आंबेडकर हयात असताना, १९५० ला, त्यांचा पुतळा बिंदू चौकात कुणी बसवला? मुख्यमंत्री झाले नाहीत म्हणून मोठे नेते नव्हेत का?

रंकाळाकाठ: विकत कशाला घेताय? करवीर नगर वाचन मंदिराचं सभासद व्हा, १८५० सालचं वाचनालय आहे. आणि पवारांचं घेणार असाल तर नवी आवृत्ती, परत सांगतो.

तिकटीवाला: मी तेच पहिल्यांदा सांगितलं होतं.

करवीरकन्या: सगळ्यांचे आभार. पुस्तक ठरलं आणि आणलंही: यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ'. पाचशेच्या आत बसलं. वाचनालयाचं घेतलं नाही, कारण मास्तरांची पेन्सिल त्यात चालणार नाही.

पवारांचं का नाही, तर १९७८ वर आमच्या गटातही दोन तट आहेत, पुस्तक बाजूलाच राहील. 'कृष्णाकाठ' १९८४ चं, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीनंतर चाळीसेक वर्षांनी लिहिलेलं. मास्तरांचा संवादांचा मुद्दा तिथं पुरेपूर लागू होतो. आमच्यातल्या दोघींची माहेरं कराडकडची. इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात चाललेल्या प्रतिसरकारच्या गोष्टी त्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्यात. १९४३ ला यशवंतरावांना अटक झाली, तेव्हा त्यानंतरचं त्यांनी पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, हे त्या गोष्टी समोर ठेवून तपासता येईल. पुस्तक १९४६ ला थांबतं. पुढचे 'सागरतळ' आणि 'यमुनाकाठ' हे भाग लिहायचे राहूनच गेले. मुंबई-दिल्लीची सत्तेची वर्षं त्यांच्या शब्दांत आत्मचरित्र म्हणून नाहीतच, त्यावर एक अख्खी बैठक घेणार आहोत.

बागलांचं त्याच्या पुढच्या महिन्याला. प्रत कुणाकडं असेल तर कळवा.

बिंदूचौक: माझ्याकडं आहे. देतो, पण पेन्सिल लावायची नाही.

सांगलीकर_दादाप्रेमी: पंचगंगा, तिरपुड्यांचं उत्तर अजून दिलं नाही मी. संध्याकाळी लिहितो.